सर्व्हर हँग झाला, रीबूटनंतर फाईल सिस्टमच्या एरर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं लिनक्स सर्व्हरसाठी आहेत. फाईल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फायली मांडून ठेवणारी रचना, मुख्यतः ईएक्सटी४ आणि एक्सएफएस. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, टाइप करताना अर्थातच मूळ रोमन अक्षरं. ऑप्शनचं अक्षर मोठ्या लिपीतलं असेल तिथे ‘कॅपिटल’ असं लिहिलं आहे, बाकी सगळी लहान. प्रश्नांचा क्रमही मुद्दाम ठरवलेला आहे: आधी डिस्क धड आहे का ते पाहायचं, मग फाईल सिस्टमला हात लावायचा. घाईत हा क्रम उलटला की वाचण्यासारखा डेटाही हातचा जातो.

पिंगला उत्तर येतं, पण एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नाही. सर्व्हर चालू आहे की बंद?

कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, जिवंत आहे, त्याच्या वरचं सगळं अडकलं आहे. पिंगचं उत्तर कर्नल स्वतःच देतो. त्याला ना डिस्क लागते ना लॉगिन. एसएसएचसाठी मात्र नवी प्रोसेस सुरू व्हावी लागते, डिस्कवरून फायली वाचाव्या लागतात, मेमरी मिळावी लागते. त्यामुळे एसएसएच कुठे थांबतं यावरूनच बरंच कळतं. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ लगेच आलं तर एसएसएचची सेवाच बंद पडली आहे. पोर्ट उघडतं पण पुढे काहीच होत नाही, तर संशय डिस्क किंवा मेमरीवर. पिंगही नाही आणि पोर्टही नाही, तर नेटवर्क, वीज किंवा कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलच कोसळणं.

आधीपासून उघडं असलेलं एखादं सेशन असेल तर ते चुकूनही बंद करू नका. त्यात एलएस किंवा टॉप चालवलं आणि तेही अडकलं, तर शेलच्या अंगच्याच कमांड वापरा. एको आणि रीड यांना डिस्कवरून काही उचलावं लागत नाही. ‘रीड’ने /प्रोक/लोडएव्हीजी ही फाईल व्हेरिएबलमध्ये घ्यायची आणि ‘एको’ने दाखवायची, एवढं मरणपंथाला लागलेल्या सर्व्हरवरही बहुधा चालतं.

लोड २०० दिसतोय, पण सीपीयू रिकामा आहे. असं कसं?

लिनक्सच्या लोडमध्ये सीपीयूची वाट पाहणाऱ्या प्रोसेस मोजल्या जातात, तशाच डी अवस्थेत अडकलेल्याही. डी म्हणजे डिस्ककडून किंवा एनएफएसकडून (नेटवर्कवरून जोडलेल्या फाईल सिस्टमकडून) उत्तर येईपर्यंत हलायचं नाही. पीएसच्या यादीत अवस्थेच्या रकान्यात डी दिसणाऱ्या प्रोसेस शोधा. त्यांच्यावर किल -९ चालत नाही, कारण सिग्नल पोचायलासुद्धा आधी ती वाट संपावी लागते.

डीमेसेजमध्ये (dmesg, कर्नलच्या मेसेजचा लॉग) ‘ब्लॉक्ड फॉर मोअर दॅन १२० सेकंड्स’ असा मेसेज आला असेल तर तो याच आजाराचा. एससीएसआय आणि साटा डिस्कला दिलेल्या प्रत्येक कमांडसाठी कर्नल साधारण ३० सेकंद थांबतो, मग डिस्क रीसेट करतो, मग पुन्हा प्रयत्न करतो. एकच खराब सेक्टर अशा रीतीने अख्खा सर्व्हर कित्येक मिनिटं रोखून धरू शकतो. एनएफएस सर्व्हर गायब झाला असेल तर चित्र हुबेहूब असंच दिसतं, फरक इतकाच की डिस्कच्या एरर नसतात.

मेमरी संपून हँग झाला हे कसं ओळखायचं?

लॉगमध्ये ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ शोधा. हा मेसेज नाही म्हणून मेमरी पुरेशी होती असं मात्र समजू नका. पुष्कळदा ती वेळ येण्याच्या आधीच सर्व्हर स्वॅपमध्ये, म्हणजे मेमरी कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेत, घुसळत बसतो. सेशन असेल तर व्हीएमस्टॅट १ चालवून एसआय आणि एसओ हे दोन रकाने पाहा. सतत मोठे आकडे म्हणजे घुसळण चालू आहे. स्वॅप बंद ठेवल्याने ही भानगड टळत नाही. मेमरी आवळली गेली की कर्नल प्रोग्रामचीच पानं मेमरीतून काढून टाकतो आणि ती डिस्कवरून पुन्हा पुन्हा वाचत राहतो.

पॉवर बटण दाबण्याआधी काय करून पाहावं?

पहिलं काम, कन्सोलवर जे दिसतंय त्याचा फोटो काढा. रीबूट झाला की हा पुरावा गेलाच, आणि डिस्क अडकली असेल तर लॉगमध्ये त्यातलं काहीच लिहिलं गेलेलं नसतं.

मग मॅजिक सिसआरक्यू, म्हणजे थेट कर्नलला आदेश देणारी बटणं. ऑल्ट आणि सिसआरक्यू, म्हणजे प्रिंट स्क्रीनचं बटण, दाबून धरायचं आणि क्रमाने डब्ल्यू, एस, यू, बी. डब्ल्यू अडकलेल्या प्रोसेसची यादी कन्सोलवर टाकतो, एस डिस्कवर न गेलेला डेटा लिहायला सांगतो, यू सगळ्या फाईल सिस्टम रीड-ओन्ली करतो आणि बी तडक रीबूट करतो. एस आणि यू यांच्यानंतर ‘इमर्जन्सी सिंक कम्प्लीट’ आणि ‘इमर्जन्सी रीमाउंट कम्प्लीट’ असे मेसेज येईपर्यंत थांबा. अर्ध्या मिनिटात ते आले नाहीत तर डिस्क प्रतिसाद देत नाही असं धरा. डेटाबेस चालू असेल तर एसच्या आधी ई दाबा. त्याने सगळ्या प्रोसेसना सभ्यपणे बंद होण्याचा सिग्नल जातो. त्यानंतर १०–१५ सेकंद द्या.

उबुंटूवर सिसआरक्यूची सेटिंग १७६ असते. १७६ म्हणजे १६ अधिक ३२ अधिक १२८: सिंक, रीड-ओन्ली आणि रीबूट, एवढ्यालाच परवानगी. त्यामुळे कीबोर्डवरून डब्ल्यू किंवा ई चालत नाही आणि लोक समजतात कर्नल मेला. रूट शेल हाती असेल तर तीच अक्षरं /प्रोक/सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये एकोने लिहा. तिथे ही मर्यादा लागू होत नाही. आयपीएमआय, म्हणजे सर्व्हर दुरून हाताळायची हार्डवेअरमधली सोय, असेल तर आयपीएमआयटूलच्या सिरियल कन्सोलवर टिल्ड (~) आणि कॅपिटल बी टाइप केलं की ब्रेक सिग्नल जातो, तोच तिथला सिसआरक्यू. त्यानंतर पाच सेकंदांत अक्षर दाबायचं.

आयपीएमआयमध्ये सॉफ्ट, रीसेट आणि सायकल यांतलं कोणतं निवडावं?

सॉफ्ट म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमला बंद होण्याची विनंती. ती हँग असेल तर ऐकणार कोण? रीसेटने प्रोसेसर नव्याने सुरू होतो, पण वीज जात नाही. म्हणून अडकलेला रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणारा) कंट्रोलर किंवा डिस्क तशीच अडकलेली राहू शकते. डिस्क दिसेनाशी झाली असेल तर सायकल. एरवी सिसआरक्यूचा मार्ग संपल्यावर रीसेट.

बूट होताना ‘रिकव्हरिंग जर्नल’ आलं. फाईल सिस्टम बिघडली का?

नाही, हे अपेक्षितच आहे. ईएक्सटी४ आपल्या रचनेतले बदल आधी जर्नलमध्ये नोंदवतं, नेहमीच्या सेटिंगमध्ये दर ५ सेकंदांनी. वीज अचानक गेली तर पुढच्या माउंटला, म्हणजे फाईल सिस्टम जोडताना, ती नोंद पुन्हा चालवली जाते आणि काही सेकंदांत काम संपतं.

गैरसमज वेगळाच आहे. जर्नल नेहमीच्या सेटिंगमध्ये रचना जपतं, तुमच्या फायलींमधला मजकूर नव्हे. फाईल सिस्टम निर्दोष, पण शेवटच्या काही सेकंदांत लिहिलेली कॉन्फिग फाईल शून्य बाइटची, असं होऊ शकतं. ज्या प्रोग्रामने एफसिंक, म्हणजे डेटा डिस्कवर लगेच लिहायची सक्ती, केलं नाही त्याचा तो दोष.

‘इमर्जन्सी मोड’मध्ये येऊन थांबला. आता?

घाबरू नका, इथे येण्याचं अगदी नेहमीचं कारण म्हणजे कोणती डिस्क कुठे माउंट करायची ते सांगणाऱ्या /ईटीसी/एफएसटॅबमधली एखादी ओळ. काढून टाकलेली डिस्क, बदललेला यूयूआयडी (फाईल सिस्टमचा ओळख क्रमांक), टायपिंगची चूक. सिस्टमडी, म्हणजे बूटच्या वेळी सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम, त्या डिस्कची ९० सेकंद वाट पाहतो आणि मग हात टेकतो. रूटचा पासवर्ड देऊन आत जा, जर्नलसीटीएल -एक्सबी चालवून लाल ओळी वाचा, लिस्टब्लॉक (lsblk) -एफने खरे यूयूआयडी पाहा. रूट रीड-ओन्ली असेल तर माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू करून एफएसटॅब दुरुस्त करा. रीबूटच्या आधी फाइंडमाउंट (findmnt) --व्हेरिफाय चालवा, म्हणजे दुसरी चूक पुन्हा तिथेच आणून सोडणार नाही.

ज्या डिस्कशिवाय सर्व्हर चालू शकतो, उदाहरणार्थ बॅकअपची, तिच्या ओळीत ‘नोफेल’ लिहायलाच हवं. सर्व्हर दूर असेल तर हे न लिहिणं म्हणजे पुढच्या रीबूटला प्रवासाची तयारी.

रूटचं खातं लॉक आहे म्हणून आत जाता येत नसेल तर ग्रबच्या, म्हणजे बूटच्या सुरुवातीला येणाऱ्या, मेनूत ई दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट=/बिन/बॅश जोडा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. काम झाल्यावर सिंक करा, रूट पुन्हा रीड-ओन्ली करा आणि रीबूट -एफ. साधं रीबूट तिथे चालत नाही, कारण ते पार पाडायला सिस्टमडीच नसतो.

‘इनिटरॅमएफएस’चा प्रॉम्प्ट आला तर?

डेबियन आणि उबुंटूच्या घराण्यात रूट फाईल सिस्टम माउंट झाली नाही की हा येतो. प्रॉम्प्टच्या वरच्या ओळी वाचा. ‘डझ नॉट एक्झिस्ट’ असेल तर डिस्कच सापडत नाहीये. ब्लॉकआयडी (blkid) चालवून पाहा, एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारी व्यवस्था) असेल तर एलव्हीएम व्हीजीचेंज -एवाय. ‘रन एफएससीके मॅन्युअली’ असेल तर डिस्क सापडली, पण आपोआप करण्याजोग्या दुरुस्तीपलीकडचं काहीतरी आहे. एफएससीके ही फाईल सिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड; ती टाइप करायचा मोह होतो. त्याआधी पुढचा प्रश्न वाचा.

एफएससीके चालवण्याआधी काय तपासावं?

सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं. एफएससीके डिस्कवर लिहितो. डिस्क स्वतःच मरत असेल तर न वाचता आलेली डिरेक्टरी ‘खराब’ ठरवून तो ती पुसून टाकतो, आणि कदाचित दुसऱ्या प्रयत्नात वाचता आली असती अशी माहिती कायमची जाते.

डीमेसेज कॅपिटल टी ऑप्शनने पाहा. ‘आय/ओ एरर’, ‘मीडियम एरर’, ‘यूएनसी’ असे शब्द असतील तर दुखणं डिस्कचं. नुसतं ‘ईएक्सटी४-एफएस एरर’ असेल आणि डिस्कबद्दल चकार शब्द नसेल तर दुखणं रचनेचं.

मग डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल -ए. चार क्रमांकांच्या ओळींत शेवटच्या रकान्यातला आकडा पाहायचा: ५ म्हणजे बदली दिलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आलेले पण अजून बदली न झालेले, १९८ दुरुस्त न होणारे, १९९ केबलवरच्या चुका. १९७ शून्यापेक्षा जास्त असेल तर एफएससीके थांबवा. असा सेक्टर त्यावर काही लिहिलं गेलं की बदलला जातो आणि आकडा शून्यावर येतो. लोक खूश होतात, पण त्या जागचा जुना डेटा तेव्हाच गेलेला असतो. वर लिहिलेल्या ‘पास्ड’वर विसंबू नका, पास्ड असलेल्या डिस्कही मरतात. एनव्हीएमई एसएसडीवर हे क्रमांक नसतात, तिथे ‘क्रिटिकल वॉर्निंग’ आणि ‘मीडिया एरर्स’ पाहा.

सॉफ्टवेअर रेड असेल तर /प्रोक/एमडीस्टॅट. एफएससीके नेहमी एमडी डिव्हाइसवर चालवायचा, आतल्या एकेका डिस्कवर कधीच नाही. रेड जुळत नसेल तर एमडीॲडम --असेंबल. --क्रिएट टाइप करणारा हात आवरा, एखादा क्रम किंवा आकार चुकला तर रेडचा डेटा मातीमोल.

डिस्क संशयास्पद असेल तर आधी प्रत. जीएनयू डीडीरेस्क्यूमध्ये क्रम असा: मूळ डिस्क, नवी डिस्क, मॅपफाईल. पहिल्या फेरीत -एन देऊन सहज वाचता येणारा भाग उचलायचा, दुसऱ्या फेरीत -डी आणि -आर३ देऊन अवघड जागा. मॅपफाईल तिसऱ्याच डिस्कवर ठेवा. ती असेल तर मध्येच थांबवून पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. मूळ आणि नवी यांची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, म्हणून दोन्हींचे सिरियल नंबर लिस्टब्लॉकमध्ये ताडून पाहा. यापुढचं सगळं काम प्रतीवर.

डिस्क ठणठणीत असेल आणि एलव्हीएममध्ये जागा असेल तर एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची स्थिती जपणारी प्रत) घ्या. तेवढाच परतीचा रस्ता.

एफएससीके -वाय देऊन मोकळं व्हावं का?

सरळ नाही. आधी ई-टू-एफएससीके (e2fsck, ईएक्सटी४चा एफएससीके) -एफ -एन, माउंट नसलेल्या फाईल सिस्टमवर. -एफ यासाठी की फाईल सिस्टमवर ‘क्लीन’चा शिक्का असेल तर तपासणी न करताच तो परततो. -एन म्हणजे काही लिहू नकोस. निकालात मोकळ्या ब्लॉकची किंवा इनोडची (फाईलची माहिती ठेवणाऱ्या नोंदींची) संख्या चुकली एवढंच असेल तर ती निव्वळ हिशेबाची चूक. -पी किंवा -वायने निर्धास्त दुरुस्त करा. ‘मल्टिप्लाय-क्लेम्ड ब्लॉक्स’ शेकड्यांनी आले, म्हणजे एकाच ब्लॉकवर दोन-दोन फायली हक्क सांगत असतील, किंवा तो डिरेक्टरीचे इनोड रिकामे करायची परवानगी मागत असेल, तर थांबा आणि प्रत घ्या. -वायने दिलेला होकार मागे घेता येत नाही. निदान -झेड देऊन अंडू फाईल दुसऱ्या डिस्कवर तरी ठेवा. ती ई-टू-अंडूने उलटी फिरवता येते.

संपल्यावर एक्झिट कोड पाहा. ० म्हणजे चूक नव्हती, १ म्हणजे दुरुस्त झाली, २ म्हणजे रीबूट करा, ४ म्हणजे चुका राहिल्या, ८ म्हणजे तपासणीच नीट झाली नाही. हे आकडे एकत्र बेरीज होऊनही येतात; १२ दिसलं तर ते ४ आणि ८. दुरुस्तीनंतर -एफ देऊन पुन्हा एकदा चालवा. दुसऱ्या फेरीत नव्या चुका निघाल्या तर खाली रॅम किंवा डिस्क अजून खोटं बोलते आहे.

‘बॅड मॅजिक नंबर इन सुपरब्लॉक’ आलं. सगळं गेलं का?

आधी बघा, डिव्हाइस बरोबर दिलंय का. /डेव्ह/एसडीए१च्या जागी अख्खी /डेव्ह/एसडीए दिली, एलव्हीएमचं आतलं पार्टिशन दिलं, किंवा फाईल सिस्टम मुळात एक्सएफएस आहे, तरी हाच मेसेज येतो. लिस्टब्लॉक -एफ खरं काय ते सांगेल.

खरंच सुपरब्लॉक, म्हणजे फाईल सिस्टमची मूळ माहिती असलेला ब्लॉक, गेला असेल तर ईएक्सटी४ त्याच्या प्रती ठेवतं. ब्लॉक ४०९६ बाइटचा असेल तर ३२७६८, ९८३०४, १६३८४० या जागी. ई-टू-एफएससीके -बी ३२७६८ आणि कॅपिटल बी ४०९६ असं द्या. एमकेईटूएफएस -एनने जागांची यादी मिळते असं सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते खरंही आहे, पण घाईत -एन राहिला तर तीच कमांड फाईल सिस्टम नव्याने बनवून मोकळी होते. आकडे पाठ असताना ती जोखीम कशाला?

एक्सएफएसवर एफएससीके चालवला, लगेच संपला. सगळं ठीक ना?

त्याने काहीच केलेलं नाही. एक्सएफएससाठी एफएससीके हा नावापुरता आहे. खरं साधन एक्सएफएस-रिपेअर (xfs_repair). त्याआधी फाईल सिस्टम एकदा माउंट करून अनमाउंट करा, म्हणजे लॉगमधल्या उरलेल्या नोंदी चालवल्या जातील. लॉग बाकी असताना -एनने दाखवलेल्या चुका फसव्या असू शकतात. मग एक्सएफएस-रिपेअर -एन, मग नुसता.

माउंटच होत नसेल आणि ‘स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग’ येत असेल तर आधी माउंट -ओ आरओ,नोरिकव्हरी करून डेटा उचलता येतो का बघा. कॅपिटल एल हा ऑप्शन अगदी शेवटी. तो लॉग शून्य करतो. त्यातले ताजे बदल जातात आणि काही फायली लॉस्ट+फाउंडमध्ये जाऊन पडतात.

फाईल सिस्टम बीटीआरएफएस असेल तर?

बीटीआरएफएस चेक --रिपेअरपासून सुरुवात करू नका. माउंट -ओ आरओ,रेस्क्यू=यूजबॅकअपरूट करून पाहा, माउंट झालं तर डेटा काढून घ्या. नाही झालं तर बीटीआरएफएस रिस्टोअर. तो मूळ डिस्कवर काहीच लिहीत नाही.

चालता चालता फाईल सिस्टम रीड-ओन्ली झाली. रीमाउंट करून काम चालू ठेवलं तर?

कर्नलने चूक पाहिली आणि आणखी बिघाड नको म्हणून लिहिणं थांबवलं; एफएसटॅबमधल्या ‘एरर्स=रीमाउंट-आरओ’चा तो अर्थ. जर्नल बंद पडलं असेल तर रीमाउंट होतही नाही. झालंच, तर बिघडलेल्या नकाशावर नवीन बांधकाम सुरू होतं. रीड-ओन्ली असतानाच महत्त्वाचा डेटा बाहेर कॉपी करा, नंतर अनमाउंट करून तपासा. ट्यूनटूएफएस -एलमध्ये पहिली चूक कधी झाली ती वेळही नोंदलेली असते. कोणत्या तारखेचा बॅकअप विश्वासाचा, हे त्यावरून ठरतं.

लॉस्ट+फाउंडमध्ये आकड्यांच्या नावाच्या फायली आल्या. त्यांचं काय करायचं?

मजकूर सापडला, नाव आणि जागा हरवली. आकडा हा इनोडचा. ‘फाईल’ कमांडने प्रकार ओळखा, डिरेक्टरी असतील तर आतली नावं बहुधा शाबूत असतात. शेकडो निघाल्या तर बॅकअपवरून परत आणणं जास्त स्वस्त पडतं.

व्हर्च्युअल मशीनमध्ये हेच सगळं लागू होतं का?

बहुतांशी, पण आधी होस्टकडे, म्हणजे व्हर्च्युअल मशीन (गेस्ट) ज्यावर चालतं त्या सर्व्हरकडे, बघा. होस्टची डिस्क भरली की केव्हीएम (लिनक्समधलं व्हर्च्युअल मशीन चालवणारं साधन) गेस्टला ‘पॉझ्ड’ करू शकतो आणि बाहेरून तो हँगच दिसतो. जागा मोकळी करून व्हर्श रिझ्यूम दिलं की गाडी पुढे चालू. रीबूटची गरजच नाही. आणि गेस्ट चालू असताना त्याची इमेज होस्टवरून एफएससीके करू नका. दोघे एकाच वेळी लिहितात आणि नसलेला बिघाड तयार होतो.

दुरुस्त केलं, आठवड्याने पुन्हा तेच. कुठे शोधायचं?

स्मार्टचा १९९ वाढत असेल तर साटा केबल बदला. सगळ्यांत स्वस्त इलाज म्हणून तो आधी. डिस्क साफ असेल तर मेमटेस्ट८६+ रात्रभर चालवा. ईसीसी (चूक आपोआप सुधारण्याची सोय) नसलेल्या रॅममधला एक उलटा बिट फाईल सिस्टमवर लिहिला गेला की एरर डिस्कची वाटते. वीज गेल्यानंतरच बिघाड होत असेल तर डिस्कच्या राइट कॅशवर संशय घ्या. लिहिलं म्हणून सांगायचं आणि कॅशमध्ये ठेवायचं, असं करणाऱ्या डिस्कवर जर्नलचाही इलाज चालत नाही. एचडीपार्मचा कॅपिटल डब्ल्यू ० तो कॅश बंद करतो, लिहिण्याचा वेग मात्र पडतो. रेड कंट्रोलरची बॅटरी मेलेली नाही ना, हेही पाहा.

रेडमध्ये साध्या डेस्कटॉप डिस्क असतील तर आणखी एक गोम आहे. खराब सेक्टर सापडला की अशी डिस्क ३० सेकंदांहून जास्त झगडत बसते, कर्नल कंटाळून ती रीसेट करतो आणि धडधाकट डिस्क रेडमधून बाहेर फेकली जाते. स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७० दिलं की डिस्क ७ सेकंदांत हार मानते. डिस्क ते मानत नसेल तर /सिस/ब्लॉकमधल्या त्या डिस्कच्या टाइमआउट फाईलमध्ये १८० लिहा. टाइमआउट रीबूटला आणि पहिली सेटिंग बऱ्याच डिस्कवर वीज गेली की विसरली जाते, म्हणून दोन्ही यूडेव्हच्या (डिस्क सापडताच सेटिंग लावणाऱ्या व्यवस्थेच्या) नियमात टाका.

हँग का झाला याचा लॉगच सापडत नाही. पुढच्या वेळी तो हाती लागावा म्हणून काय करावं?

/व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी आहे का बघा. काही डिस्ट्रिब्युशनमध्ये ती नसते, मग सिस्टमडीचा लॉग फक्त मेमरीत राहतो आणि रीबूटला पुसला जातो. ती तयार करून जर्नलडी रीस्टार्ट केलं की पुढच्या वेळी जर्नलसीटीएल -बी -१ने मागच्या बूटचा लॉग वाचता येतो. डिस्कच मेली तर हाही लॉग लिहिला जात नाही; त्यासाठी नेटकन्सोल. तो कर्नलचे मेसेज यूडीपीने दुसऱ्या मशीनवर पाठवतो, डिस्कला न विचारता. कर्नल पॅनिक होत असेल तर केडंप (कोसळताना मेमरीची प्रत साठवणारी सोय) लावा, मात्र त्यासाठी बूटच्या वेळीच क्रॅशकर्नलने मेमरी राखून ठेवावी लागते. पॅनिक झाल्यावर हे सुचून उपयोग नसतो.